विद्यार्थ्यांचं नाट्यमंडळ आणि नव्या एकांकिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सत्राच्या सुरुवातीला तालमीच्या खोलीच्या दारात नवे चेहरे उभे राहतात आणि थोड्याफार फरकाने तेच प्रश्न विचारतात. घाईघाईत दिलेली उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत. त्या गोष्टी आम्हाला स्वतःला उशिरा कळल्या आणि तुम्हाला त्या आधीच कळाव्यात असं मनापासून वाटतं.

मंडळ विद्यार्थीच चालवतात, म्हणजे नेमकं काय?

संहिता निवडण्यापासून प्रयोग संपल्यावर खुर्च्या उचलण्यापर्यंत सगळं विद्यार्थी करतात. सल्लागार म्हणून एक शिक्षक असतात. सभागृह मिळवायला, कागदपत्रांवर सही करायला आणि अडचण आली तर हाक मारायला त्यांचा मोठा आधार असतो. पण कोणती एकांकिका करायची, कोणाला घ्यायचं, पैसे कशावर खर्च करायचे, हे निर्णय मंडळाच्या बैठकीत होतात. विद्यापीठांमध्ये ही पद्धत जुनी आहे. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचं फुटलाइट्स हे नाट्यमंडळ १८८३ पासून चालू आहे. येल विद्यापीठात नाट्यशिक्षण घेणारे विद्यार्थी १९६८ पासून ‘येल कॅबरे’ नावाचं छोटं नाट्यगृह स्वतः चालवतात, तेही एका तळघरात.

फक्त नव्या, स्वतः लिहिलेल्या एकांकिकाच का? गाजलेली नाटकं का नाही?

गाजलेलं नाटक बसवायला घेतलं की नट नकळत आधीच्या नटाकडे बघतो. अमुक वाक्य कसं म्हणायचं, कुठे थांबायचं, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. नव्या संहितेत ते कुणीच ठरवलेलं नसतं. पहिल्या वाचनाला बसलेल्या सहा-सात जणांखेरीज जगात कुणालाच ते पात्र माहीत नसतं. आम्हाला हे काम हवंहवंसं वाटतं ते यासाठीच.

दुसरं कारण लेखकाशी संबंधित आहे. नाटक लिहिणाऱ्याला कुणीतरी पहिला प्रयोग द्यावा लागतो आणि व्यावसायिक रंगभूमीला ती जोखीम परवडतेच असं नाही. इंग्रज नाटककार हॅरॉल्ड पिंटरचं उदाहरण आम्ही नव्या मुलांना नेहमी सांगतो. १९५७ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकणाऱ्या हेन्री वूल्फ या मित्राने त्याच्याकडे एक एकांकिका मागितली. पिंटर तेव्हा नट म्हणून पोट भरत होता, नाटक त्याने लिहिलेलं नव्हतं. थोड्याच दिवसांत त्याने ‘द रूम’ लिहून दिलं. वूल्फने ते दिग्दर्शित केलं, त्यात कामही केलं, आणि स्क्वॉशचं कोर्ट बदलून केलेल्या छोट्या जागेत विद्यार्थ्यांनी त्याचा प्रयोग केला. २००५ साली पिंटरला साहित्याचं नोबेल मिळालं. पण आम्हाला यातली महत्त्वाची गोष्ट नोबेलची वाटत नाही. एका विद्यार्थ्याने मित्राकडे ‘लिहून दे, मी करतो’ असं म्हटलं आणि खरंच केलं, ती गोष्ट मोठी आहे.

अमेरिकन नाटककार युजीन ओनीलचंही असंच. १९१४–१५ मध्ये तो हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर यांच्या नाट्यलेखनाच्या वर्गात बसला. १९१६ च्या उन्हाळ्यात प्रॉव्हिन्सटाउन गावातल्या एका हौशी गटाने त्याची खलाशांवरची एकांकिका केली, ती धक्क्यावरच्या एका जुन्या मासळीच्या कोठारात. म्हणजे नाट्यगृह नाही म्हणून कुणी थांबलं नव्हतं.

मी आजवर एकही नाटक लिहिलेलं नाही. संहिता पाठवू का?

जरूर पाठवा. आम्ही केलेल्या एकांकिकांपैकी बऱ्याच पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांच्या आहेत. भाषा घोटीव नसली तरी चालते, शेवट सापडला नसला तरी चालतो. आम्ही एवढंच बघतो की दोन माणसं एकमेकांसमोर आली आहेत का आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवं आहे का. ते असेल तर बाकीचं तालमीत उभं करता येतं. नसेल तर कितीही सुंदर वाक्यं असली तरी नटाला करायला काही उरत नाही. तो नुसता उभा राहून बोलतो.

एक विनंती आहे. विषय मोठा हवा म्हणून युद्ध, महापूर, सगळा समाज असं कवेत घेऊ नका. तुम्हाला जवळून दिसलेली एक खोली आणि एक संध्याकाळ घ्या.

एकांकिका किती मिनिटांची असावी?

आमच्याकडे दहा ते चाळीस मिनिटं. दहा मिनिटांच्या नाटकाला हल्ली बरीच प्रतिष्ठा आहे. अमेरिकेतल्या लुइव्हिल इथल्या ‘ॲक्टर्स थिएटर’ने १९७६ साली सुरू केलेल्या महोत्सवातून हा प्रकार विशेष रुजला. आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेटचं ‘ब्रेथ’ तर जेमतेम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि त्यात एकही शब्द नाही. तेव्हा छोटं म्हणजे कच्चं असं समजू नका.

लांबी पानांवरून ठरवू नका. घड्याळ लावा आणि सगळी संहिता मोठ्याने वाचा, सूचनांमधल्या हालचाली मनात करत. मग त्यात पाचवा हिस्सा मिळवा. मंचावर माणूस उठतो, दार उघडतो, गप्प बसतो. हे सगळं वाचताना निसटतं.

निवड कशी होते? ओळखीच्यांची संहिता घेतात का?

लेखकाचं नाव काढून संहिता वाचणाऱ्यांकडे जाते. तिघेजण वाचतात आणि निवडीच्या बैठकीआधी पहिली पाच पानं मोठ्याने वाचली जातात. डोळ्यांनी वाचताना आवडलेली संहिता तोंडात घेतली की अडखळते, आणि कागदावर रुक्ष वाटलेली कधीकधी अचानक बोलू लागते. हा अनुभव इतक्यांदा आला आहे की मुक्या वाचनावर निर्णय घेणं आम्ही सोडून दिलं.

निवड झाली नाही तर प्रत्येकाला चार-पाच ओळींचा अभिप्राय मिळतो. कोणत्या पानावर आमचं लक्ष धरून ठेवलं आणि कोणत्या पानावर सुटलं, एवढं त्यात असतं. पुढच्या सत्रात तीच संहिता दुरुस्त करून पाठवता येते. तसं करून निवडलेल्यांची संख्या कमी नाही.

एखाद्या कथेवरून किंवा चित्रपटावरून एकांकिका लिहिली तर चालेल का?

मूळ लेखकाची लेखी परवानगी असेल तरच. बर्न करारानुसार (१८८६) सदस्य देशांमध्ये लेखकाचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि त्यानंतर किमान ५० वर्षं राहतो. कित्येक देशांत ही मुदत याहून जास्त आहे. रूपांतराचा हक्कही त्यातच येतो. ‘आम्ही तिकीट लावत नाही’ म्हटल्याने परवानगीची गरज संपत नाही.

माझ्या संहितेवर हक्क कोणाचा राहतो?

तुमचाच. मंडळाला फक्त ठरलेल्या प्रयोगांची परवानगी तुम्ही देता आणि ती एका पानावर लिहून दोघांच्या सह्या होतात. हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणीची अट नसते, संहिता लिहिली गेली की तो लेखकाचा होतो. तरी लिहिल्याची तारीख दिसेल अशी एक प्रत स्वतःकडे ठेवा. तालमीत नटांनी सुचवलेली वाक्यं संहितेत आली तर श्रेयाचं काय, हे पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. प्रयोग गाजल्यावर हा विषय काढणं फार जड जातं.

लेखकाने तालमीला बसावं का?

बसावं, आणि कसं बसावं हे आधी ठरवावं. आमच्या मंडळात यावर सर्वांत जास्त वाद झाले आहेत, त्यामुळे सविस्तर सांगतो.

पहिला आठवडा बैठ्या वाचनाचा असतो. या आठवड्यात लेखक रोज हवा. नट वाचतात, अडतात, ‘ही असं का म्हणते?’ विचारतात. लेखकाने इथे समजावून सांगण्याची घाई करू नये. नट अडला ती जागा पेन्सिलने खूण करून ठेवावी. तीन वेगवेगळ्या वाचनांत तीन जण एकाच जागी अडले तर चूक संहितेत आहे.

रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या एका मुलीची एकांकिका आम्ही करत होतो. दोन बहिणी आईच्या माघारी कपाट आवरायला बसल्या आहेत, एवढंच नाटक. पहिल्या पाच पानांत आई कशी होती, कोण कधी घर सोडून गेलं, कोणाचं कोणाशी पटत नव्हतं, हे सगळं दोघी एकमेकींना सांगत होत्या. सहाव्या पानावर धाकटीला थोरलीच्या मनगटावर आईचं घड्याळ दिसतं आणि ती विचारते, ‘हे तुझ्याकडे कधीपासून?’ चौथ्या दिवशी धाकटीचं काम करणारी मुलगी उशिरा आली. थोरलीने वेळ जाऊ नये म्हणून कपडे घड्या घालायला सुरुवात केली होती. धाकटी आत आली, घड्या घालणारा हात तिने पाहिला, आणि थेट सहाव्या पानावरचं वाक्य म्हणाली. खोलीत कुणी हललं नाही. दोघींनी तिथून शेवटापर्यंत नेलं. संपल्यावर लेखिकेने वही उघडली आणि पहिल्या पाच पानांवर एकेक तिरकी रेघ मारली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती रेघ तिने स्वतः मारली. त्या पाच पानांतली फक्त दोन वाक्यं पुढे परत आली, तीही भांडणाच्या मध्यात, जिथे ती लागली.

हे घडलं कारण लेखिका खोलीत होती आणि तिने तोंड मिटून पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यापासून लेखकाने आठवड्यातून दोनदाच यावं आणि सूचना दिग्दर्शकालाच द्याव्यात, तालीम संपल्यावर. नटाला दोन तोंडांनी सूचना मिळाल्या की तो दोघांनाही खूश करायला बघतो आणि काम बिघडतं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी संहिता गोठते. त्यानंतर बदल फक्त तेव्हाच, जेव्हा एखादं वाक्य खरोखर उच्चारता येत नसेल. लेखकांना ही तारीख निष्ठुर वाटते. पण प्रयोगाच्या चार दिवस आधी नवं पान हातात पडलेल्या नटाचा चेहरा ज्याने पाहिला आहे, तो ही तारीख कधी पुढे ढकलणार नाही.

लेखकच दिग्दर्शक असेल तर?

पहिल्या एकांकिकेला शक्यतो नको. स्वतःच्या वाक्यावर स्वतः कात्री चालवणं अवघड असतं, आणि कात्री चालवायला दुसरं कुणी उरत नाही.

नटांच्या निवड चाचणीला काय करावं लागतं?

पाठ करून काही आणू नका. एक पान हातात दिलं जातं, पाच मिनिटं मिळतात, समोरच्याबरोबर वाचायचं. मग दिग्दर्शक एक सूचना देतो, उदाहरणार्थ, ‘आता हेच बोल, पण समोरच्याला ते कळू द्यायचं नाहीये.’ दुसऱ्या वाचनात काही बदललं का, हे आम्ही बघतो. पहिलं वाचन उत्तम झालं आणि दुसरं तंतोतंत तसंच झालं, तर ती काळजीची गोष्ट असते. आवाज, उंची, रूप यांचा विचार फार मागाहून येतो.

तालमी किती दिवस आणि किती वेळ?

पाच आठवडे, आठवड्यातून चार संध्याकाळी, दोन-दोन तास. शेवटच्या आठवड्यात तांत्रिक तालीम (दिवे, आवाज, सामान जुळवून बघण्याची) आणि दोन रंगीत तालमी. तालीम ठरल्या वेळी सुरू होते आणि ठरल्या वेळी संपते. लांबलेल्या तालमीत शेवटच्या तासाला काही नवं सापडत नाही, फक्त थकवा पाठ होतो.

चौथ्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी संहिता हातातून सुटलीच पाहिजे. तोवर प्रॉम्प्टर जोरात वाक्य देतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

परीक्षा आल्या तर?

परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे तालीम नसते. वर्षाचं वेळापत्रक याच हिशेबाने बसवलेलं आहे. तरी कुणाची सादरीकरणं, प्रयोगशाळा, प्रकल्प मध्ये येतात. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या अडचणीच्या तारखा एका तक्त्यावर लिहा. अडचण सांगणाऱ्याला कधी काढलेलं नाही. न सांगता गैरहजर राहणाऱ्याला मात्र दुसऱ्या वेळेनंतर काढावं लागतं, कारण त्याच्यासमोरचा नट रिकाम्या जागेशी बोलत असतो.

मला मंचावर यायची भीती वाटते, पण नाटकात राहायचं आहे.

मग आम्हाला तुमची गरज जास्त आहे. नट मिळतात. चांगला स्टेज मॅनेजर मिळायला नशीब लागतं.

स्टेज मॅनेजरकडे एक जाड वही असते. उजव्या पानावर संहिता, डाव्या पानावर बाकी सगळं: कोण कुठून येतं, खुर्ची कुठे सरकते, कोणत्या शब्दावर दिवा बदलतो, कोणत्या श्वासावर आवाज येतो. तालीम चालू असताना ही वही भरत जाते. प्रयोगाच्या दिवशी दिग्दर्शक प्रेक्षकांत जाऊन बसतो आणि नाटक या वहीच्या ताब्यात येतं. अकराव्या प्रकाशबदलासाठी ‘लाइट अकरा, तयार’ असं आधी, मग नेमक्या क्षणी ‘अकरा, गो’. ‘गो’ हा शब्द प्रयोगाच्या वेळी दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही, एवढी शिस्त त्यात असते. सहज बोलताना तो तोंडातून गेला तर दिवे चालवणाऱ्या ऑपरेटरचं बोट दाबलं जातं.

याशिवाय प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तूंचं, टेबल असतं. त्यावर कागद अंथरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढायची, तिच्या आत नाव लिहायचं. पत्र, चष्मा, किल्ली. प्रयोगाआधी टेबलाकडे एक नजर टाकली की रिकामी बाह्यरेषा लगेच दिसते. अंधारात, घामाने ओल्या हातांनी, अकरा वस्तू आठवत बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा, भित्तिपत्रकं, प्रेक्षकांची बसण्याची व्यवस्था, या सगळ्यांत शिकवणारं कुणीतरी असतं. आधीचा अनुभव विचारत नाही.

एका संध्याकाळी चार एकांकिका असतात. चौघांचं नेपथ्य कसं जमतं?

चौघांचं मिळून एकच नेपथ्य करायचं असतं, हे उत्तर पहिल्यांदा ऐकताना प्रत्येक दिग्दर्शकाला पटत नाही. प्रत्येकाला आपल्या खोलीची भिंत हवी असते. पण दोन नाटकांच्या मध्ये चार मिनिटांपेक्षा जास्त अंधार ठेवला की आधीच्या नाटकाने प्रेक्षकांत जमवलेली ऊब निघून जाते आणि पुढच्या लेखकाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. तो अन्याय आहे.

आमच्याकडे सहा लाकडी ठोकळे, दोन लेव्हल (उंच चौथरे), एक दाराची चौकट आणि चार खुर्च्या आहेत. एवढ्यात बाग, रुग्णालयातली वाट पाहण्याची जागा, आगगाडीचा डबा, गच्ची, सगळं झालं आहे. प्रत्येक दिग्दर्शकाला यापलीकडे दोन वस्तू आणता येतात, आणि त्या दोघांनी उचलता येतील अशाच हव्यात. बंधन घातल्यावर दिग्दर्शक त्या दोन वस्तू फार विचार करून निवडतात. कपाट आवरणाऱ्या बहिणींच्या नाटकात कपाट नव्हतंच. कपड्यांचा एक ढीग आणि मनगटावरचं घड्याळ, बस्स.

बदलाची तालीम वेगळी करा. कोण काय उचलतो, कोणत्या विंगेतून (मंचाच्या कडेच्या आडोशातून) येतो, कुठे ठेवतो, हे घड्याळ लावून किमान पाच वेळा. ठोकळ्यांच्या जागा अंधारात चमकणाऱ्या चिकटपट्टीने जमिनीवर खुणा करून ठेवा, आणि ती पट्टी आधी उजेडात राहिली पाहिजे हे लक्षात ठेवा, नाहीतर चमकत नाही. आणखी एक युक्ती जुन्या मुलांनी शिकवली: ब्लॅकआउटच्या अर्धा मिनिट आधीपासून विंगेत उभ्या असलेल्यांनी डोळे मिटून घ्यायचे. उजेडातून एकदम अंधारात आल्यावर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, मिटलेले डोळे आधीच थोडे सरावलेले असतात.

आणि कृपा करून प्रेक्षागृहाच्या चारही कोपऱ्यांतल्या खुर्च्यांवर एकदा बसून बघा. मधल्या रांगेतून सुंदर दिसणारी मांडणी कडेच्या खुर्चीवरून कधीकधी फक्त एका नटाची पाठ असते.

प्रकाशयोजनेला किती सामान लागतं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी. चेहरे दिसणं ही पहिली गरज, वातावरण त्यानंतर. समोरून दोन बाजूंनी तिरके दोन दिवे आणि मागून एक, एवढ्यात माणूस उठून दिसतो. रंगीत जिलेटिन (दिव्यावर लावायचा पारदर्शक रंगीत कागद) शेवटी लावा. जुने हॅलोजन दिवे प्रचंड तापतात. हातमोज्यांशिवाय हात लावू नका, पडद्यापासून लांब ठेवा, आणि वर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला मुख्य पकडीखेरीज सुरक्षेची साखळी लावाच. शिडीवर एकट्याने चढायचं नाही, खाली धरणारा हवाच. हा नियम आमच्याकडे कुणासाठी मोडत नाहीत.

प्रयोग चालू असताना काही बिघडलं तर?

बिघडतंच. एका प्रयोगात डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) बंद पडला आणि सगळा मंच काळोखात गेला. नाटक निम्म्यावर होतं. मंचावरच्या दोघांनी बोलणं थांबवलं नाही. वीसेक सेकंदांत दोन्ही विंगांतून दोन बॅटऱ्या आल्या आणि स्टेज मॅनेजरने त्या थेट चेहऱ्यांवर न मारता जमिनीवर मारल्या, म्हणजे उजेड खालून उसळून वर येईल. उरलेली अकरा मिनिटं तशीच झाली. हे त्या क्षणी सुचलं नव्हतं. बॅटऱ्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या आणि कुठे मारायच्या, हे तांत्रिक तालमीत ठरवून ठेवलेलं होतं.

एक मर्यादा मात्र आहे. धूर, ठिणगी, कुणाला इजा, असं काही असेल तर नाटक थांबतं. स्टेज मॅनेजर मंचावर जातो, सभागृहातले दिवे लागतात आणि प्रेक्षकांना शांतपणे सांगितलं जातं. हा अधिकार दिग्दर्शकाकडे नसतो, स्टेज मॅनेजरकडेच असतो. बाहेर जायचे सगळे दरवाजे कुलपाशिवाय आहेत का, हे दरवेळी प्रेक्षक आत सोडण्याआधी बघायचं.

वाक्य विसरलं तर?

समोरच्याकडे बघा. खरंच बघा. त्याला तुमच्याकडून काय हवं आहे, हे आठवलं की वाक्य बहुतेक वेळा परत येतं. आलं नाही तर समोरचा तुम्हाला प्रश्न विचारेल. यासाठी आम्ही तालमीत एक दिवस मुद्दाम वाक्यं गाळतो आणि जोडीदाराला सावरायला लावतो.

मारामारी, मिठी, चुंबन असे प्रसंग असतील तर?

संहितेत असा प्रसंग असेल तर ते निवड चाचणीच्या आधीच जाहीर होतं. प्रत्येक स्पर्श ठरवून, मोजून बसवला जातो: कोणता हात, कुठे, किती मोजेपर्यंत. दोघांच्या संमतीने ठरलेलं मंचावर बदलायचं नाही, भावनेच्या भरातसुद्धा नाही. रोज तालमीआधी दोघांना विचारायचं आणि ‘आज नको’ याला कारण मागायचं नाही. थप्पड कधीही खरी मारायची नाही. अशा प्रसंगाच्या तालमीच्या वेळी ते दोन नट, दिग्दर्शक आणि स्टेज मॅनेजर सोडून बाकीचे बाहेर जातात. ‘खरं वाटायला हवं’ या नावाखाली कुणाला दुखवलेलं आम्हाला अजिबात चालत नाही. एकाला अवघडलेलं असेल तर ते प्रेक्षकालाही दिसतं.

संहितेचा विषय बोचरा असेल तर विद्यापीठ अडवतं का?

प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, ते आधी वाचा. आमचा अनुभव असा की लपवल्याने गोष्टी बिघडतात. सल्लागार शिक्षकांना संहिता वेळेवर द्या, ती का करायची आहे हे बोला, आणि आत्महत्या, अत्याचार असे विषय असतील तर प्रवेशद्वारापाशी तशी स्पष्ट सूचना लावा. ज्या प्रेक्षकाला ते झेपणार नाही, त्याला आधी कळायला हवं. एखाद्या खऱ्या व्यक्तीला ओळखू येईल असं रंगवून दुखवणारी संहिता आम्ही घेत नाही. बाकी विषयांसाठी मात्र आम्ही लेखकाच्या बाजूने शेवटपर्यंत बोलतो.

पैसे कुठून येतात?

विद्यापीठाच्या निधीतून थोडे, प्रवेशिकांमधून थोडे. सर्वांत जास्त मदत उसन्या वस्तूंची होते. पै-पैचा हिशेब भिंतीवर लावलेला असतो आणि कुठल्याही सदस्याने तो विचारावा.

प्रयोगानंतर प्रेक्षकांशी चर्चा होते का?

होते, पण लगेच नाही. आधी प्रेक्षकांना कागद दिला जातो. त्यावर दोनच प्रश्न: कोणता क्षण लक्षात राहिला आणि कुठे तुमचं मन दुसरीकडे गेलं. ही कल्पना नवी नाही. वर उल्लेख केलेल्या बेकर यांनी हार्वर्डमध्ये आपल्या वर्गाला जोडून ‘४७ वर्कशॉप’ चालवलं. तिथे विद्यार्थ्यांच्या नव्या नाटकांना निमंत्रित प्रेक्षक येत आणि त्यांनी लेखी मत देणं अपेक्षित असे. लेखी मतात माणूस शेजाऱ्याकडे बघून बोलत नाही, म्हणून आम्हालाही हीच रीत भावली.

कागद लेखकाला तिसऱ्या दिवशी मिळतात. त्याच रात्री देऊ नका. त्या रात्री लेखकाला फक्त नटांनी मिठी मारावी.

प्रयोगाचं चित्रण करून टाकता येईल का?

मंडळाच्या नोंदीसाठी मागून एक कॅमेरा लावतो. बाहेर दाखवायचं असेल तर लेखकाची आणि प्रत्येक नटाची लेखी संमती लागते.

प्रेक्षक फार कमी आले तर?

प्रयोग होतो. नऊ प्रेक्षकांसमोर झालेला प्रयोग आमच्यातल्या कित्येकांना अजून आठवतो. नऊही जणांना पुढच्या रांगेत बोलावलं होतं आणि नटांनी आवाज खाली आणला होता.

सगळे जुने विद्यार्थी पदवी घेऊन गेले की मंडळ कसं टिकतं?

विद्यार्थ्यांच्या मंडळाचा हा खरा कठीण भाग. तीन-चार वर्षांत अख्खी पिढी बदलते. एकदा आमच्याकडेही असं झालं की सगळं माहीत असलेले चौघे एकाच वेळी गेले, आणि सभागृह कोणाकडून मागायचं इथपासून नव्यांना शोधावं लागलं. ते सत्र एकाही प्रयोगाविना गेलं.

तेव्हापासून प्रत्येक कामाला जोडी असते. शेवटच्या वर्षाचा प्रकाशयोजक आणि त्याच्याबरोबर पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा एक. वर्षाच्या दुसऱ्या प्रयोगाला धाकट्याने दिव्यांच्या बोर्डावर बसायचं आणि थोरल्याने मागे उभं राहायचं. याशिवाय मंडळाची एक वही आहे. त्यात अर्जाचे नमुने आहेत, कोणता दिवा कुठे लटकतो त्याचे नकाशे आहेत, आणि प्रत्येक प्रयोगानंतर त्या-त्या रात्री लिहिलेली दोन पानं आहेत. ‘डाव्या विंगेतली तिसरी फळी करकरते, अनवाणी चाला.’ ‘शांत प्रसंगात पंखा बंद करायचा, पण आधी पाच मिनिटं.’ ‘चौकटीचं दार उजव्या हाताने ओढलं तरच लागतं.’ यंदाच्या नव्या स्टेज मॅनेजरने ही वही पहिल्याच आठवड्यात घरी नेऊन वाचली आणि परत आणताना फळीच्या नोंदीखाली पेन्सिलने लिहिलं होतं, ‘अजून करकरते.’